कोकणातल्या वाडीवर पक्षी-प्राणी बघायला जाताय? या चुका टाळा

पुण्याहून ताम्हिणीमार्गे निघायचं, माणगावला मिसळ, एक वाजता समुद्राकाठच्या वाडीवर, सुरमईचं ताट आणि झोप. संध्याकाळी दुर्बीण गळ्यात अडकवून किनाऱ्यावर जावं, तर समोर नुसतं पाणी. "इथे काही नाहीच हो!" आहे, तुम्ही ऐन भरतीत पोचलात, एवढंच.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे नुसता शनिवार-रविवार बघून बुकिंग करणं. आधी कॅलेंडरात तिथी बघा. किनाऱ्यावरचा जुना हिशोब सोपा आहे: तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ. चतुर्थीला तीनच्या सुमारास भरती, नऊच्या सुमारास ओहोटी. अष्टमीला भरती सहाला, म्हणजे सकाळ-संध्याकाळ दोन्ही हातच्या गेल्या आणि ओहोटी भर दुपारी. पौर्णिमा किंवा अमावास्येनंतरचे तीन-चार दिवस गाठा. पण पूर्ण ओहोटीला धावत सुटू नका. तेव्हा चिखल्या, तुतवार पार लांब विखुरलेले असतात, दुर्बिणीतही ठिपकेच. पाणी चढायला लागलं की तेच पक्षी सरकत सरकत काठाकडे येतात. खाडीकाठी सूर्य पाठीशी घेऊन एका जागी बसा. खडकांवर मात्र चढत्या पाण्यात थांबू नका. मागची वाट कधी बुडाली ते कळत नाही. आणि हे पाहुणे पक्षी हिवाळ्यातले. मे महिन्यात जाऊन तक्रार करू नये.

एसी गाडीतून उतरल्या उतरल्या कॅमेरा बाहेर काढला की काचेवर वाफ धरणारच. बॅग बंद ठेवून अर्धा तास जाऊ द्या. खारं पाणी उडालं असेल तर कोरड्या रुमालाने घासू नका, ओल्या मऊ कापडाने टिपा.

वाडीच्या राखणदाराला न विचारणं ही खास शहरी चूक. उदमांजर कुठल्या गडग्यावरून (दगडी कुंपणावरून) जातं, समुद्री गरुडाचं घरटं कुठल्या झाडावर आहे, हे त्याला पाठ असतं. गडग्याच्या दगडावर बिया भरलेली विष्ठा दिसली तर रात्री तिथेच लांबून नजर ठेवा. घरट्याखाली मात्र ठिय्या देऊ नका, आणि मोबाइलवर पक्ष्यांचे आवाज लावून त्यांना बोलावण्याचा प्रकार तर नकोच.

वेळासला कासवं बघायला निघालेल्यांचा वेगळाच घोटाळा. 'शनिवारी पिल्लं नक्की ना?' असं फोनवर विचारतात. ऑलिव्ह रिडलेची अंडी उबायला साधारण 45 ते 60 दिवस लागतात, तेही वाळूच्या उष्णतेवर अवलंबून. नक्की कोण सांगणार? दोन मुक्काम ठेवा. पिल्लं उजेडाच्या रोखाने जातात, म्हणून फ्लॅश आणि टॉर्च बंद. दोरीच्या अलीकडेच राहा, पोरांनाही तिथेच धरा.

डॉल्फिनसाठी होडी घेतलीत तर नाखव्याला आधीच सांगा, 'पाठलाग नको, लांबूनच इंजिन मंद करा.' तो ऐकत नसेल, तर दुसरी होडी बघा.