आकडा नंतर, आधी क्रियापद बघा: युद्धातल्या मदतीचा सरकारी रिपोर्ट कसा वाचायचा

आमच्याकडे मालवणात संध्याकाळी बंदरावर गजाली रंगल्या की कोणतरी मोबाईल पुढे करतोच, अमेरिकेने युक्रेनला एवढे अब्ज दिले आणि आमचा हायवे बघा. परवा एकाने 175 अब्ज डॉलर सांगितले, दुसरा म्हणाला 67, आणि दोघं भांडले. खरं तर दोघंही बरोबर होते. म्हणून म्हटलं, हे रिपोर्ट कसे वाचायचे ते लिहूनच टाकूया.

सगळ्यात आधी आकड्यावर बोट ठेवून त्याचं क्रियापद शोधा. मंजूर केले, जाहीर केले, करार झाला, पाठवले, पोचले, या पाच वेगळ्या गोष्टी आहेत. तौक्ते वादळात आमच्या घराची कौलं उडाली तेव्हा पंचनामा झाला, मग यादीत नाव आलं, पेपरात तर कोटींचे आकडे छापून आले, पण पासबुकात एंट्री पडेपर्यंत आई रोज विचारायची "इले काय रे?" तसंच हे. अमेरिकेने युक्रेनला 31 अब्राम्स रणगाडे द्यायचं जाहीर झालं जानेवारी 2023 मध्ये, आधी नवीन बनवून देणार होते, मार्चमध्ये ठरलं की वेळ वाचवायला साठ्यातलेच दुरुस्त करून द्यायचे, आणि पहिले रणगाडे युक्रेनात पोचले सप्टेंबरच्या शेवटी. मधल्या आठ महिन्यांत "दिले" म्हणून पोस्ट टाकणारे सगळे चुकलेले.

आता ते भांडण. 175 अब्जाच्या आसपासचा आकडा म्हणजे 2022 ते 2024 मध्ये अमेरिकन काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, पाच कायद्यांतनं मंजूर केलेली सगळी रक्कम, त्यात शस्त्रं आहेत, युक्रेन सरकारच्या पगारपाण्याला मदत आहे, निर्वासितांचा खर्च आहे आणि अमेरिकेचा स्वतःचा रिकामा झालेला साठा परत भरायचे पैसेही आहेत, म्हणजे बरीच रक्कम तिथल्याच कारखान्यांत गेली. 66.9 अब्ज ही फक्त लष्करी मदत, युद्ध सुरू झाल्यापासून 2025 च्या सुरवातीपर्यंतची. त्यामुळे दुसरा प्रश्न हा विचारायचा, की या रकमेच्या पोटात काय काय धरलंय.

तिसरी गोष्ट किंमत, आणि इथे भलेभले फसतात. समजा काकाने बारा वर्षं वापरलेलं होडीचं इंजिन मेव्हण्याला दिलं. वहीत काय लिहायचं, आज नवीन इंजिन केवढ्याला येतं ते की झिजलेल्या इंजिनाची आत्ताची किंमत? पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने, साठ्यातनं दिलेल्या मालाला नवीन माल आणायची किंमत लावली होती, नियमाप्रमाणे घसारा वजा करून लावायला हवी होती. जून 2023 मध्ये त्यांनीच सांगितलं की हिशोब 6.2 अब्ज डॉलरने फुगला होता. लोकांना वाटलं पैसे सापडले! रोकड काही सापडली नाही, साठ्यातनं देण्याची मर्यादा तेवढी वापरायची शिल्लक आहे असं निघालं, म्हणजे अजून माल पाठवायला जागा झाली.

तपासणीचे रिपोर्ट मात्र शेवटपर्यंत वाचा, नुसतं हेडिंग नको. जानेवारी 2024 मध्ये पेंटागॉनच्या इन्स्पेक्टर जनरलने, म्हणजे त्या खात्याचीच तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने, म्हटलं की जेव्हलिन आणि स्टिंगर क्षेपणास्त्रं, रात्री बघायच्या दुर्बिणी अशा खास नजर ठेवायच्या मालापैकी 1 अब्ज डॉलरच्या वर मालाची मोजदाद वेळेत झालेली नाही. लगेच "शस्त्रं चोरीला गेली" सुरू. पण त्याच रिपोर्टात लिहिलंय की माल दुसरीकडे वळवला का हे तपासणं या कामात नव्हतंच. देवगडचा टेम्पो वाशीला गेला आणि वहीत पेट्या चढवायच्या राहिल्या, तर तेवढ्यावरनं ड्रायव्हरला चोर म्हणाल काय? (वही मात्र लिहायलाच हवी, ते आहेच.)

जुन्या युद्धाशी तुलना करायची असेल तर जपून. 11 मार्च 1941 ला, दुसऱ्या महायुद्धात, मित्रदेशांना शस्त्रं आणि माल पुरवायचा अमेरिकेचा लेंड-लीज कायदा झाला, त्यात राष्ट्राध्यक्षाने निदान दर 90 दिवसांनी काँग्रेसला रिपोर्ट द्यायचा असं कलमच होतं, मला ही अट फार आवडते. एकूण मदत 50 अब्ज डॉलरच्या आसपास, पण ते त्या काळचे डॉलर, आजच्या आकड्याशेजारी तसेच ठेवू नका. शिवाय उलट बाजूनेही माल आणि सेवा मिळून जवळपास 8 अब्जांची मदत अमेरिकेकडे आली होती, त्यात मोठा वाटा ब्रिटनचा, तो रकाना लोक बघतच नाहीत.

आणि स्क्रीनशॉट काढाल तेव्हा "या तारखेपर्यंत" ही ओळ कापू नका, बंदरावरची अर्धी भांडणं त्या कापलेल्या ओळीमुळेच होतात.