ओटी टेबल घेताना या चुका टाळा: आधी ऑपरेशन ठरवा, मग टेबल

आपल्या खान्देशात शहादा, शिरपूर, चोपडा, पाचोरा, चाळीसगाव, कुठेही जा, नवीन हॉस्पिटलं उभी राहताहेत आणि ओटी (ऑपरेशन थिएटर) लावायची वेळ आली की पहिला प्रश्न ठरलेला, "भाऊ, हायड्रॉलिक घेऊ का इलेक्ट्रिक?", म्हणजे तेलाच्या पंपावर चालणारं का मोटारीवर. माझं म्हणणं असं की हा प्रश्न तिसरा-चौथा आहे. पहिला प्रश्न म्हणजे या टेबलावर कोणती ऑपरेशनं होणार, दुसरा म्हणजे त्यात पेशंट कसा झोपणार आणि सी-आर्म (ऑपरेशन चालू असताना एक्स-रे दाखवणारं कमानीसारखं मशीन) कुठून आत येणार. एवढं कागदावर लिहून काढलं की निम्मी कोटेशनं आपोआप बाद होतात. मी ओटीच्या सामानाच्या सर्व्हिसचंच काम करतो, आणि बिघडलेल्या टेबलांपेक्षा चुकीची घेतलेली टेबलं जास्त बघतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक: "सी-आर्म कम्पॅटिबल" या शब्दावर विश्वास

आपल्याकडे एक सुरत-नागपूर हायवे आणि एक मुंबई-आग्रा, दोन्ही धुळ्याला भेटतात, त्यामुळे मांडीचं हाड मोडलेला, खुबा गेलेला पेशंट कधीही येतो. म्हणजे ऑर्थोचं, हाडांच्या ऑपरेशनचं, टेबल नुसतं वरून एक्स-रे पार जाणारं असून भागत नाही. वरची शीट बेकलाइटची किंवा कार्बन फायबरची असते, त्यातून एक्स-रे जातो, बरोबर आहे, पण शीटच्या खाली आडव्या स्टीलच्या पट्ट्या असतात, बाजूला सामान अडकवायच्या रेल असतात, आणि मधोमध जाडजूड खांब असतो. ऐन कंबरेखाली खांब आला तर सी-आर्मचा खालचा भाग तिथे घुसतच नाही, मग फोटो कसा घेणार? म्हणून टॉप, म्हणजे टेबलाचा वरचा भाग, पुढे-मागे सरकणारं बघा, किंवा खांब एका टोकाकडे असलेलं. डेमोला सी-आर्म स्वतः लावायला सांगा, खुब्यापासून घोट्यापर्यंत समोरून आणि बाजूने दोन्ही फोटो येतात का ते बघा. विक्रेता "साहेब, होऊन जाईल" म्हणाला तर तो लावून दाखवेपर्यंत ऑर्डर देऊ नका.

मांडीत रॉड टाकायचा तर ट्रॅक्शन, म्हणजे पाय ताणून धरणं, लागतं, त्याची अटॅचमेंट त्याच टेबलाला बसते का हे आधीच विचारा, कारण नंतर घेतली की किंमत वेगळी आणि बसेलच असं नाही. ट्रॅक्शनमध्ये मांड्यांच्या मधला जो खांब असतो त्यावर जाड गादी हवीच, नाहीतर तिथली नस दबून पेशंटला नंतर बधिरपणा येतो. नंदुरबारकडे, अक्कलकुवा-धडगाव पट्ट्यात, सिकल सेलचे पेशंट खूप, आणि सिकल सेलमध्ये खुब्याचा गोळा रक्तपुरवठा तुटून खराब होतो, तरुण वयातच खुबा बदलायची वेळ येते. अशा ऑपरेशनमध्ये बऱ्याचदा पेशंट कुशीवर असतो, पाठीमागून आणि पुढून घट्ट धरणारे सपोर्ट लागतात, ते यादीत लिहिलेले नसले तर मिळत नाहीत.

मुतखड्याच्या टेबलात होणारा घोळ

उन्हाळा कडक, पाणी कमी पिणं, त्यामुळे मुतखड्याचे पेशंट आपल्याकडे भरपूर. जुन्या पद्धतीत किडनी उघडून खडा काढायचे तेव्हा पेशंट कुशीवर आणि टेबलातला किडनी ब्रिज, म्हणजे कंबर वर उचलणारी पट्टी, वर करायची, बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधली जागा बरोबर ब्रिजवर यायला पाहिजे असं. अजूनही बरेच जण ब्रिज आहे म्हणजे युरोलॉजीचं, मूत्रमार्गाच्या ऑपरेशनचं, टेबल झालं असं धरतात. पण आता बहुतेक खडे दुर्बिणीतून निघतात. पाठीतून छिद्र पाडून काढायचा तर पेशंट आधी पाय वर करून झोपवतात, खालून नळी टाकतात, मग पालथा करतात, आणि किडनीपासून मूत्राशयापर्यंत सी-आर्म मोकळा फिरायला लागतो. तिथे तोच धातूचा ब्रिज फोटोत आडवा येतो! म्हणून दुर्बिणीचं काम जास्त असेल तर एक्स-रेला मोकळं टॉप, पायाकडचा भाग झटपट निघणारा आणि पाणी खाली जायला ट्रे, या तीन गोष्टी ब्रिजच्या आधी बघा.

लॅपरोस्कोपी, म्हणजे दुर्बिणीतून पोटाचं ऑपरेशन, करणाऱ्या सर्जनची पाठ कायम दुखत असेल तर आधी टेबलाची उंची तपासा. पोटात गॅस भरला की पोट वर येतं, हातातली साधनं फूटभराहून लांब, आणि त्यांची मूठ सर्जनच्या कोपराच्या लेव्हलला राहायला पाहिजे, म्हणजे टेबल बरंच खाली जायला हवं. सगळे टेबल किती वर जातं ते विचारतात, किती खाली जातं ते कोणी विचारत नाही. मग पायाखाली स्टूल येतं, स्टुलावरून कॉटरीचं (विजेने कापणारं आणि रक्त थांबवणारं मशीन) पेडल सापडत नाही, सगळाच त्रास.

हेड लो म्हणजे डोकं खाली करायचं असेल तर पेशंट घसरतो का याचा विचार आधी हवा. गर्भपिशवीचं ऑपरेशन, खालच्या आतड्याचं ऑपरेशन, यात उतार बराच लागतो. काही ठिकाणी खांद्यांना टेकू लावतात, त्याने मान-खांद्याच्या नसांचा गुच्छ ताणला जातो आणि पेशंट उठतो तो हात लुळा घेऊन. न घसरणारी गादी हा त्यावरचा बरा उपाय. आर्म बोर्ड, म्हणजे हात ठेवायची फळी, तीही काटकोनापलीकडे उघडू नका, कारण तेच. आणि कुटुंब नियोजनाच्या शिबिरात टेबल तिरकं होत नाही म्हणून पायाखाली विटा लावलेल्या मी बघितल्यात, मनापासून सांगतो, ते बंद करा, वीट सरकली तर पेशंटसकट टेबल कलंडेल.

सिझरला टेबल डाव्या बाजूला साधारण 15 डिग्री कलतं करता आलं पाहिजे, कारण गर्भाशयाचं वजन मोठ्या रक्तवाहिनीवर पडलं की आईचं बीपी पडतं. टेबल कलत नसेल तर उजव्या कुल्ह्याखाली उशी देतात, पण भूलतज्ज्ञाला विचारा, त्यांना कलणारं टेबलच हवं असतं. पाय स्टिरपमध्ये, म्हणजे पाय वर धरणाऱ्या आधारात, टाकताना आणि काढताना दोन्ही पाय एकदम हलवायचे, आणि गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूला स्टिरपचा दाब नको, तिथून जाणारी नस दबली तर पाऊल लटकतं. पायाकडचा भाग पुन्हा वर घेताना पेशंटची बोटं फटीत नाहीत ना हे हाताने चाचपून बघा, बोटं चिरडल्याच्या घटना झालेल्या आहेत.

डोळ्याच्या टेबलात उलटंच असतं, हालचाली कमी चालतील पण डोक्याकडचा भाग अरुंद आणि पातळ हवा म्हणजे सर्जन बसल्यावर गुडघे खाली मावतात, आणि टेबल जराही थरथरायला नको. मणक्याच्या ऑपरेशनला पेशंट पालथा झोपवताना पोट मोकळं राहिलं पाहिजे, पोट दाबलं की मणक्याजवळच्या शिरा फुगतात आणि रक्तस्राव वाढतो, म्हणून खाली फ्रेम लागते. डोळ्यांवर दाब नको हे तर सांगायलाच नको.

वजनाचा आकडा नीट वाचा. कॅटलॉगवर लिहिलेलं वजन बहुतेक वेळा टॉप सरळ आणि मध्यावर असतानाचं असतं. टॉप सरकवलं, कलतं केलं, पेशंटचं डोकं पायाकडच्या बाजूला करून झोपवलं की क्षमता घटते. ते तक्त्यात वेगळं दिलेलं असतं, मागून घ्या. सोबत आयईसी 60601-2-46 चा टेस्ट रिपोर्ट मागा, ऑपरेशन टेबलांसाठीचं ते खास मानक आहे.

घेतल्यावर येणाऱ्या तक्रारी

सकाळी सकाळी फोन येतो तो बहुतेक एकच, "भाऊ, टेबल खाले जाई ऱ्हायना," म्हणजे टेबल खाली जातंय. हायड्रॉलिक टेबल आपोआप बसत असेल तर सील गेलंय किंवा व्हॉल्व्हमध्ये कचरा अडकलाय. खाली फरशीवर तेल दिसतंय का बघा. पंप मारताना स्पंजसारखं लागत असेल तर आत हवा शिरली आहे. कृपा करून गाडीचं ऑइल टाकू नका, चुकीच्या तेलाने सील फुगतं आणि मग पूर्ण खर्च येतो. आणि बसणाऱ्या टेबलावर दुरुस्तीआधी एकही केस घेऊ नका.

इलेक्ट्रिक टेबल रिमोटला हलत नसेल तर आधी लॉक लागलेलं नाही ना, वायर निघालेली नाही ना, बॅटरी चार्ज आहे ना, हे तीन बघून मग फोन करा. आपल्या भुसावळ-जळगावच्या मे महिन्यात पारा 45 च्या आसपास जातो, रात्री ओटीचा एसी बंद असतो आणि लेड-अ‍ॅसिड बॅटरीचं आयुष्य गरमीत झपाट्याने घटतं, म्हणून टेबल वापरात नसलं तरी चार्जिंगला ठेवा आणि दर महिन्याला लाइट बंद करून बॅटरीवर चालवून बघा. लाइट गेल्यावर हाताने किंवा पायाने चालणारी सोय आहे का, हे खरेदीच्याच वेळी विचारायचं. सर्जरी चालू असताना डोकं खाली अडकलं तर भूलतज्ज्ञाला ते ताबडतोब सरळ करून हवं असतं.

टेबल डुगडुगतंय? ब्रेक बघा, मग फरशी बघा. गादीला चीर गेलीये? टेप लावू नका, आत फोममध्ये रक्त-पाणी मुरतं, गादी बदला. हायपोक्लोराइटने (ब्लीचच्या पाण्याने) पुसल्यावर साध्या पाण्याने परत पुसा, नाहीतर चांगल्या स्टीललाही डाग पडून खड्डे पडतात. कॉटरी वापरताना पेशंटचा हात-पाय उघड्या स्टीलला टेकता कामा नये, भाजतं.

शेवटची तक्रार, आर्म बोर्ड किंवा स्टिरप रेलवर बसत नाही किंवा बसून हलतो. रेलचं माप युरोपचं 25 बाय 10 मिलिमीटर आणि अमेरिकेचं साधारण 28.6 बाय 9.5, दोन्ही दिसायला सारखेच, पण क्लॅम्प एकाचा दुसऱ्यावर घट्ट बसत नाही. ऑर्डर देताना टेबलाच्या रेलचं माप लिहून द्या, आणि जुन्या टेबलाच्या अ‍ॅक्सेसरीज नव्यावर वापरायच्या असतील तर एक स्टिरप सोबत घेऊनच डेमोला जा.