टिश्यू इंजिनिअरिंगमध्ये (प्रयोगशाळेत ऊती घडवण्याच्या क्षेत्रात) पोस्टडॉक शोधताना

पोस्टडॉक, म्हणजे पीएचडीनंतरची संशोधनाची जागा, हवी असेल तर जाहिरातीची वाट बघत बसू नका. पीएचडी संपायच्या वर्षभर आधीच प्रयोगशाळाप्रमुखांना थेट मेल टाका. माझ्याकडेही असे मेल येतात. 'मला रिजनरेटिव्ह मेडिसिनमध्ये रस आहे' अशी सुरुवात दिसली की मी पुढे वाचत नाही. रस सगळ्यांनाच असतो! हातात काय आहे ते सांगा: जिलेटिनचं हायड्रोजेल (पाणी धरून ठेवणारं जेल) हवं तितकं कडक करता येतं का, आठवड्यानंतर त्यातल्या पेशी जगतात का. कॅल्सिन या रंगद्रव्याने हिरव्या चमकणाऱ्या जिवंत पेशींचं एकच चित्र जोडा, स्केल बारसकट (मापाच्या रेघेसकट). मेलेल्या पेशींचा लाल रंग कापून टाकू नका. मी मुलाखतीत आधी त्याचंच विचारते.

पैशाचं बघायचं तर युरोपातली मारी स्क्लोडोव्स्का-क्यूरी फेलोशिप चांगली. मात्र अर्जाच्या अंतिम तारखेआधीच्या 36 महिन्यांत यजमान देशात 12 महिन्यांपेक्षा जास्त राहिलेलं चालत नाही. एम्बोची (युरोपातल्या रेण्वीय जीवशास्त्राच्या संघटनेची) फेलोशिप दोन वर्षांपर्यंत मिळते. दोन्हीकडे यजमान प्रयोगशाळा आधी पटवावी लागते.

होकार आला की तिथल्या जुन्या पोस्टडॉकला गाठा. प्राण्यांवरच्या प्रयोगांना नैतिक समितीची मंजुरी मिळालीय की मिळायचीय, हे स्पष्ट विचारा. मिळायची असेल, तर पहिले काही महिने कागदपत्रांतच जातील.