सेप्टिक टँक किती भरलाय? जुन्या टॉवेलने बघा

सोलापुरात हद्दवाढ भागातल्या ज्या घरांना ड्रेनेज लाईन नाही, तिथे टाकी भरल्याचं कळतं ते संडासात पाणी तुंबल्यावरच. आमच्याकडे दोन पावसाळे असंच झालं, एकदा तर घरात पाहुणे असताना. आता मी मे महिन्यातच मोजून घेते.

जुना पांढरा सोलापुरी टॉवेल फाडून लांब बांबूच्या खालच्या अर्ध्या भागाला सुतळीने घट्ट गुंडाळा. रंगीत नको, त्यावर गाळाची रेघ दिसत नाही.

१. पहिल्या कप्प्याचं झाकण उघडून १५ मिनिटं लांब थांबा. पोरांना जवळ येऊ देऊ नका.
२. बांबू सरळ तळापर्यंत सोडा, ३-४ मिनिटांनी हळूच वर काढा.
३. काळा चिकट गाळ कुठवर लागलाय आणि ओल कुठवर आहे, दोन्ही मोजा.

गाळ ओलीच्या एक तृतीयांश झाला, की उपसा करणारी गाडी बोलवा. ४ फूट ओल असेल तर साधारण १६ इंच गाळ.

टाकीवर वाकू नका, काडी पेटवू नका. आणि कुणालाही आत उतरवू नका, आतल्या वायूने माणूस क्षणात बेशुद्ध पडतो.