मंगळावर जगेल असं झाड कल्पनेतून कसं तयार करायचं

आधी ग्रह पक्का करा. मी मंगळ घेते, कारण त्याचे आकडे माहीत आहेत: हवेचा दाब जेमतेम ६ मिलीबार, त्या हवेत ९५ टक्के कार्बन डायऑक्साइड, सरासरी तापमान उणे ६० अंशांच्या आसपास, ऊन आपल्या निम्म्याहून कमी. पानांचा रंग आणि फुलं सगळ्यात शेवटी, प्लीज. जांभळी पानं आधी काढून मग कारणं शोधत बसलं की झाड कधीच उभं राहत नाही.

आता खरी अडचण, पाणी. झाड कार्बन डायऑक्साइड आत घ्यायला पानांवरची रंध्रं उघडतं आणि त्याच वाटेने पाण्याची वाफ बाहेर जाते. मंगळाच्या दाबाला पाणी शून्याच्या जरा वर गेलं की उकळतं, म्हणजे दिवसा रंध्रं उघडली की झाड वाळलंच. मग सगळेजण सांगतात की निवडुंगासारखी रात्री उघड, आणि मीही बरेच दिवस तेच धरून बसले होते, पण तिथे रात्री उणे ७०-८० असतं, रसच गोठलेला, आत आलेला वायू धरून ठेवणार कोण? हा सल्ला अजिबात ऐकू नका.

मला वाट सापडली ती अँडीज पर्वतात उंचावर वाढणाऱ्या आयसोइटीसच्या (नेच्याच्या नात्यातली, गवतासारखी दिसणारी छोटी वनस्पती) एका जातीमुळे. तिच्या पानांना रंध्रंच नाहीत, कार्बन डायऑक्साइड ती मुळांतून घेते. म्हणून माझ्या झाडाचं वरचं अंग मेणाने पूर्ण बंद, आणि श्वास मुळांतून, तेही बर्फ मिसळलेल्या मातीत, कारण तिथल्या फटींमध्ये आधीच वाफ भरलेली असते आणि झाडातलं पाणी फारसं बाहेर ओढलं जात नाही. आणखी एक गोष्ट हमखास राहून जाते: झाडालाही ऑक्सिजन लागतो, आणि मंगळाच्या हवेत तो अर्धा टक्कासुद्धा नाही. दिवसा स्वतः बनवलेला ऑक्सिजन साठवायला आत पोकळ्या ठेवा, कमळाच्या देठात असतात तशा.

बाकी सोपं आहे. गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या ३८ टक्केच आहे, एवढ्यावरून उंच झाड काढू नका, दुपारी ऊब जमिनीलगतच असते. अतिनील किरणांपासून वाचायला अंग जमिनीत आणि वर फक्त पारदर्शक टोक, लिथॉप्ससारखं (दगडासारखी दिसणारी, वाळवंटातली छोटी वनस्पती). मातीत परक्लोरेट हा क्लोरीनचा विषारी क्षार आहे, २००८ मध्ये मंगळावर उतरलेल्या नासाच्या फिनिक्स यानाला सापडला, तेव्हा तो मुळाशीच अडवायची सोय हवी.

मग चित्र काढा आणि प्रत्येक भागाशेजारी तो कशासाठी आहे आणि त्यापायी झाडाचं काय नुकसान होतं हे दोन्ही लिहा. नुकसान सुचत नसेल तर तो भाग अजून नीट विचार करून काढलेला नाही, खोडा आणि परत बसा.