ट्रान्सफर केस उघडण्यापूर्वी या चुका टाळा

पावसाळा सुरू झाला की पुणे जिल्ह्यातील भोर-वेल्ह्याच्या बाजूने माझ्या गॅरेजमध्ये येणाऱ्या पिकअपची तक्रार बहुधा एकच असते: फोर-व्हील लागत नाही, किंवा लागली तर सुटत नाही. यांपैकी निम्म्याहून अधिक गाड्यांच्या ट्रान्सफर केसला, म्हणजे इंजिनची ताकद पुढच्या-मागच्या चाकांना वाटणाऱ्या पेटीला, काहीही झालेले नसते, आणि तरीही त्यांतील काही गाड्या ती पेटी एकदा खोलून, पुन्हा बसवून माझ्यापर्यंत आलेल्या असतात. हे थांबावे, एवढ्यासाठी हे लिहीत आहे.

पहिली चूक म्हणजे फोर-व्हीलची चाचणी कोरड्या डांबरी रस्त्यावर घेणे. आपल्याकडच्या व्ही-क्रॉस किंवा हायलक्ससारख्या पिकअपमध्ये फोर-हाय (चारही चाकांना ताकद देणारा, नेहमीच्या वेगाचा टप्पा) लावताच पुढचा आणि मागचा प्रोपेलर शाफ्ट, म्हणजे अ‍ॅक्सलपर्यंत ताकद नेणारे दांडे, एकमेकांशी घट्ट बांधले जातात, कारण त्यांच्यामध्ये फिरण्याच्या वेगातला फरक सांभाळणारा गिअरचा संच, म्हणजे डिफरन्शियल, नसते. वळणावर पुढची चाके मागच्यांपेक्षा मोठा घेर घेतात आणि चिखलात हा फरक चाक किंचित घसरून भरून निघतो. डांबरावर मात्र चाक घसरत नाही, ताण दात्यांवर साठत जातो, स्टिअरिंग जड होते, गाडी उड्या मारते आणि नंतर फोर-हाय सुटत नाही. हा बिघाड नव्हे. गाडी सरळ रेषेत दहा-पंधरा फूट मागे घ्यावी. बहुतेक वेळा ताण सुटतो आणि डॅशबोर्डवरचा फोर-व्हीलचा दिवा विझतो.

सरळ रस्त्यावरही असा ताण येत असेल, तर आधी टायर मोजावेत. २४५/७० आर १६ मापाच्या टायरचा व्यास सुमारे ७४९ मिलिमीटर भरतो आणि ते एका किलोमीटरला जवळपास ४२५ फेरे घेते. पुढच्या टायरची नक्षी मागच्यापेक्षा ५ मिलिमीटर अधिक झिजलेली असेल, तर पुढचे चाक तेवढ्याच अंतरात पाच-सहा फेरे जास्त घेते. हा फरक शेवटी ट्रान्सफर केसच्या साखळीवर आणि गिअरवर येतो. दोनच टायर नवे घालून फोर-व्हील वापरणाऱ्यांना मी स्पष्ट नकार देतो.

दुसरा गैरसमज असा की, चारही चाके फिरली नाहीत म्हणजे फोर-व्हील बंद आहे. अ‍ॅक्सलवर साधे, लॉक न होणारे डिफरन्शियल असलेल्या गाडीत फोर-हाय लागलेली असतानाही चिखलात पुढचे एक आणि मागचे एक चाक फिरते आणि उरलेली दोन स्थिर राहू शकतात. फक्त मागचेच एक चाक फिरत असेल, तेव्हाच शंका घ्यावी.

आता मला सर्वांत जास्त खटकणारी चूक सांगतो: दिवा लुकलुकतो म्हणून आधी सुटा भाग बदलणे. मागे एका पावसाळ्यात वेल्ह्याकडच्या एका वाडीवरचे दूधउत्पादक त्यांची जुनी पिकअप टोचन करून घेऊन आले. एका गॅरेजने तिची शिफ्ट मोटर (फोर-व्हील लावणारी-सोडणारी विजेची मोटर) बदलली होती, दिवा तरीही लुकलुकत राहिल्यावर ट्रान्सफर केस उतरवली होती, आणि आत काही सापडले नाही म्हणून तशीच परत बसवली होती. यात तीन आठवडे गेले आणि तेवढे दिवस त्या घरातील माणसांनी चिखलाच्या पाणंदीतून दुधाचे कॅन खांद्यावरून डांबरी रस्त्यापर्यंत आणले.

मी मागच्या चाकांना दगड लावले, इंजिन चालू ठेवून फोर-हाय लावली, मग इंजिन बंद करून किल्ली चालूच ठेवली, गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली आणि पुढची दोन्ही चाके जॅकवर उचलून खाली स्टँड लावले. पुढचा प्रोपेलर शाफ्ट हाताने फिरेना, म्हणजे ट्रान्सफर केस आपले काम करत होती. एक चाक फिरवले, तर दुसरे उलट दिशेने फिरायला हवे होते. ते हललेच नाही, म्हणजे पुढच्या अ‍ॅक्सलची जोडणी होत नव्हती. ती जोडणी त्या गाडीत व्हॅक्यूमवर, म्हणजे नळीतली हवा ओढून, चालत होती, म्हणून तिच्या नळ्या मी बोटांनी चाचपत गेलो, तेव्हा बॅटरीच्या ट्रेमागे उंदराने कुरतडलेली नळी हाताला लागली. वीतभर नळी बदलताच दिवा स्थिर झाला. या तपासणीला अर्धा तास लागला, आणि ती कोणालाही करता आली असती.

नव्याने काम शिकणारी मुले स्कॅनर लावतात, त्यावर सेन्सरचे नाव दिसले की तो सेन्सर मागवतात. स्कॅनर तक्रार कोणत्या सर्किटची आहे एवढेच सांगतो. कारण शोधणे आपल्याकडेच राहते. मी आधी बॅटरीचा व्होल्टेज पाहतो, कारण कमजोर बॅटरीवर शिफ्ट मोटर अर्ध्यातच थांबते. मग फ्यूज, मग मोटरचा कनेक्टर उघडून आत हिरवट क्षार धरला आहे का ते बघतो. धुलाईच्या जोरदार फवाऱ्याने तिथे पाणी शिरते. हाच क्रम मी पाळतो आणि घाई असली तरी मोडत नाही.

फोर-लो (जास्त ताकदीचा, संथ वेगाचा टप्पा) लागत नसेल, तर गाडी पूर्ण थांबवून न्यूट्रलमध्ये टाकली होती का, हे आधी चालकाला विचारावे. वळताना पुढून टकटक आवाज येत असेल, तर अ‍ॅक्सलच्या टोकाचे रबरी बूट फाटले आहे का ते पाहावे. पुढची चाके उचललेली असताना इंजिन चालू करून गाडी गिअरमध्ये कधीही टाकू नये. फोर-व्हीलची गाडी जॅकवरून उडी घेते आणि खाली माणूस असतो.

वर्षभर फोर-व्हील न लावता थेट जूनमध्ये भातखाचरात उतरणाऱ्यांची जोडणी गंजून अडकते. महिन्यातून एकदा मातीच्या रस्त्यावर किलोमीटरभर फोर-हायमध्ये गाडी चालवावी.

ट्रान्सफर केसचे ऑइल गिअरबॉक्सपेक्षा वेगळे असू शकते, त्यामुळे मॅन्युअल पाहिल्याशिवाय ऑइलचा डबा उघडू नये. ऑइल दुधाळ दिसले तर पाणी शिरले आहे असे समजावे आणि ते बदलण्याबरोबरच ब्रीदरची (पेटीतली हवा आत-बाहेर जाऊ देणारी) नळी चिखलाने बुजली आहे का तेही तपासावे. आणि खालचा बोल्ट काढण्याआधी ऑइल भरण्याचा वरचा बोल्ट सुटतो आहे याची खात्री करावी, कारण तो गंजून बसलेला असेल आणि जुने ऑइल आधीच जमिनीवर गेले असेल, तर ती गाडी तिथून हलवता येत नाही.