किलिमांजारोवर शूट: कॅमेऱ्याआधी काटा

पुण्यातल्या घरात मी अजूनही कुठलीही बॅग उचलली की मनात किलोंचा आकडा येतो. अठरा. एकोणीस. बावीस आला की पोटात गोळा. हे खूळ मला किलिमांजारोच्या पायथ्याशी, मचामे गेटवर लागलं. तुम्हाला लागू नये म्हणून हे लिहितेय.

प्रॉडक्शनमध्ये नवीन असलात तरी कॉलशीट, रेकी, इक्विपमेंट लिस्ट हे तुम्हाला येतं असं धरून चालते. मलाही येत होतं. शिवाय सह्याद्रीत दहा वर्षं भटकलेली, त्यामुळे अंगात मस्तीही होती. कळसूबाईचं शिखर १,६४६ मीटरवर. मचामे गेट, जिथे आपण नुसते गाडीतून उतरतो, तेच १,८०० मीटरच्या आसपास. म्हणजे आपला महाराष्ट्र जिथे संपतो त्याच्याही वर ही चढण सुरू होते आणि ५,८९५ मीटरवर उहुरू शिखराला थांबते. हे सगळं मी वाचलं होतं. वाचून एक्सेल शीट मात्र नेहमीसारखीच केली.

काम छोटं होतं. वितळत्या हिमनद्यांवरची डॉक्युमेंटरी, आमचं सहा जणांचं युनिट, मचामेच्या वाटेने आठ दिवस. किलिमांजारोवर १९१२ साली जेवढा बर्फ होता त्यातला ऐंशी टक्क्यांहून जास्त आता गेलाय, तेव्हा विषय थांबणारा नव्हता आणि निर्माताही नव्हता.

परवानग्यांचं आधी उरकते. टांझानियात चित्रीकरणाची सरकारी परवानगी वेगळी आणि पार्कची वेगळी. पहिली फिल्म बोर्डाकडून. दुसरी तानापाकडून, म्हणजे तिथलं राष्ट्रीय उद्यान प्राधिकरण. एक मिळाली म्हणजे दुसरी मिळाली असं नाही. पार्कची चित्रीकरण फी ही प्रवेश, कॅम्पिंग आणि रेस्क्यू फीच्या वरची असते. दरपत्रक जुलै ते जून चालतं आणि त्यावर १८ टक्के व्हॅट वेगळा लागतो. तो धरायला विसरलात तर बजेट तिथेच फाटलं. पैसे भरायला कंट्रोल नंबर, म्हणजे सरकारी भरणा क्रमांक, मिळतो. तो नंबर हातात आल्याशिवाय 'झालं हं मॅडम' या वाक्यावर विश्वास ठेवू नका. ड्रोनचं प्रकरण तर निराळंच: विमान वाहतूक खात्याची आणि पार्कची लेखी परवानगी नसेल तर तो घरी कपाटात ठेवा. विमानतळावरच अडकतो. सामानाची यादी सीरियल नंबरसकट करा आणि तात्पुरत्या आयातीचे कागद निघण्याआधी तिथल्या एजंटकडून करून घ्या.

आमच्या धंद्यात एक सल्ला हमखास मिळतो: टुरिस्ट व्हिसावर जा, छोटा कॅमेरा ने, कोण बघतंय. हा सल्ला देणारे सीनियर गेटवर ट्रायपॉडची पेटी उघडली जाते तेव्हा तुमच्या शेजारी उभे नसतात. मी एवढंच म्हणेन.

आता काटा.

आमच्या सामानाची बेरीज होती १८२ किलो. पोर्टरला, म्हणजे ओझेवाल्याला, २० किलोपेक्षा जास्त ओझं द्यायचं नाही हा नियम मला माहीत होता. १८२ भागिले २०, नऊ आणि वर थोडे. कॅमेऱ्याच्या सामानाला मी दहा पोर्टर लिहिले आणि 'थोडी ढील ठेवलीय' म्हणून स्वतःची पाठ थोपटून घेतली.

गेटवर एकेक ओझं काट्याला लागतं. स्वाहिलीत काट्याला मिझानी म्हणतात, तो शब्द मी जन्मात विसरणार नाही. ट्रायपॉडची पेटी: २३. लेन्सची: २४. बॅटऱ्यांची: २६. तिथला माणूस चिडला नाही, ओरडला नाही. पेटी उचलून बाजूला ठेवायचा आणि पुढच्याला बोलवायचा. 'थोडंच जास्त आहे' हे मी तीनदा म्हणाले. तिन्ही वेळा पेटी बाजूलाच गेली. बरोबर होतं त्याचं. ती पेटी माझ्या मानेवर जाणार नव्हती.

माझी चूक नीट समजून घ्या, कारण ती फार शहाण्या चेहऱ्याने येते. मी बेरीज करून भागाकार केला. पण सामान म्हणजे तांदूळ नाही. तीन गॅस सिलिंडर चार माणसांत सारखे वाटता येतात का? ट्रायपॉड आणि त्याचं हेड मिळून १४ किलो, पेटी नऊ किलोची. सोळा बॅटऱ्या १३ किलो, चार्जर पाच, पेटी आठ. म्हणजे ओझ्याचा तिसरा हिस्सा नुसतं रिकामं प्लॅस्टिक, तेच आम्ही डोंगरावर चढवायला निघालो होतो. शिवाय त्या टणक, कोपऱ्यांच्या पेट्या. पोर्टर ओझं डोक्यावर किंवा मानेवर घेतात. तुम्ही घेऊन बघा एकदा.

आणि हे इथे संपत नाही. गेटवर पेट्या फोडून, सामान पोत्यांत भरून हिशेब केला तर दहाच्या जागी पंधरा माणसं लागत होती. पाच जास्तीची. पण पाच माणसं जेवतात. माणशी दिवसाला किलोभर शिधा धरला तरी आठ दिवसांचे चाळीस किलो. ते वाहायला दोन माणसं. त्या दोघांचे सोळा किलो, म्हणजे आणखी एक. पाचाचे आठ झाले, आणि त्यांना झोपायला तंबू हवा, तो वेगळाच. तीन पेट्यांच्या तेरा किलोंपायी हा सगळा पसारा. कामाच्या आशेने गेटबाहेर थांबलेली माणसं होती म्हणून निभावलं. त्यांची नोंदणी, शिधा, तंबू जमवून आम्ही निघालो तेव्हा दुपारचे अडीच वाजून गेले होते. पहिला कॅम्प २,८०० मीटरच्या वर, पाच-सहा तासांची चाल. ज्या पावसाळी जंगलाचे शॉट मी स्क्रिप्टमध्ये अधोरेखित केले होते ते जंगल मी घाईघाईत, शेवटी हेडलॅम्पच्या उजेडात, डीओपीच्या (छायाचित्रण दिग्दर्शकाच्या) पाठीकडे बघत पार केलं. तो दोन तास बोलला नाही.

तर आता मी शीट अशी करते: एक ओळ म्हणजे एक ओझं, म्हणजे एक माणूस. ओझ्याची मर्यादा वीस नाही, अठरा. पाऊस लागला की पिशवी, दोर, फोम सगळं पाणी पितं. टणक पेट्या पायथ्याच्या मोशी गावात, हॉटेलात ठेवायच्या, वर फोम लावलेल्या मऊ डफल बॅगा. पंधराशे रुपयांचा हातात धरायचा काटा घ्या आणि प्रत्येक नग घरी टांगा. एकूण वजन कोणी विचारलं तर सांगू नका, त्याने काही कळत नाही.

पावसावरून आठवलं. आपण कॅमेरा झाकायला कचऱ्याच्या काळ्या पिशव्या सर्रास नेतो. टांझानियात जून २०१९ पासून प्लॅस्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. कापडी रेनकव्हर शिवून घ्या.

ओझ्याच्या सापळ्याची दुसरी बाजू वर गेल्यावर कळते. पोर्टर तुमच्यामागून निघतात आणि तुम्हाला मागे टाकून जातात. तिसऱ्या दिवशी आपण लाव्हा टॉवरला, ४,६०० मीटरच्या वर चढतो आणि झोपायला बारांकोच्या कॅम्पला, चार हजारांच्या आत उतरतो. शरीराला सवय व्हावी म्हणून. ओझेवाले कशाला तेवढं चढतील? ते खालच्या वाटेने थेट बारांकोला. मी टॉवरपाशी उभी, ढग फाटलेला, समोर किबो, म्हणजे किलिमांजारोचा मुख्य सुळका, लख्ख, आणि ट्रायपॉड खालच्या कॅम्पमध्ये विश्रांती घेतोय. तेव्हा रोज सकाळी ठरवा: कुठली दोन-तीन ओझी युनिटसोबत चालणार. त्या पोर्टरांशी आधी बोला, त्यांना थांबत थांबत चालावं लागतं, त्याचे वेगळे पैसे द्या.

घाबरवलं का? बाकीचं खरंच जमण्यासारखं आहे. पाच दिवसांत शिखर देणारी पॅकेजेस मात्र मला डोळ्यांसमोर नकोत. पर्यटकांनाही नको, शूटला तर नकोच. एखादा दिवस वाढवा. शिखरावर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्म्याच्या आसपास असतो. आमचा कॅमेरामन हातात धरून शॉट घेताना सवयीने श्वास रोखायचा, आणि चार हजारांच्या वर 'कट' झालं की गुडघ्यावर हात टेकून उभा राहायचा. मग सगळे लांब शॉट आम्ही खालच्या टप्प्यात हलवले. 'पोले पोले', हळूहळू, हे तिथे दिवसातून शंभर वेळा ऐकाल. सुरुवातीला चीड येते. डोकं दुखायला लागलं तर डायरेक्टरलाही सांगा आणि गाइडलाही. निर्णय गाइडचा. औषधाचं डॉक्टरांना विचारा, मला नाही. विमा काढताना पॉलिसी किती मीटरपर्यंत लागू आहे ती ओळ शोधा. बऱ्याच पॉलिसी शिखराच्या खूप आधी संपतात.

उजेड सकाळी. नऊ-दहानंतर जंगलातून ढग वर यायला लागतात आणि दुपार बहुधा पांढरी. विषुववृत्ताजवळ संध्याकाळ झटकन मिटते, आपल्यासारखी रेंगाळत नाही. मार्च ते मे मोठा पाऊस, नोव्हेंबरच्या सुमारास छोटा. ते महिने सोडा. बारांकोच्या खोऱ्यातले ती राक्षसी सेनेसिओची झाडं, माणसापेक्षा उंच, वाळक्या पानांचं घोंगडं पांघरल्यासारखी, ती धुक्यातही सुंदर दिसतात, म्हणून दुपारचं काम तिथे ठेवा.

फिरत्या चकतीची हार्ड डिस्क नेऊ नका. बहुतेकांची क्षमता ३,००० मीटरच्या आसपासच संपते, चकतीवर वाचणारं हेड तरंगायला विरळ हवा कमी पडते. एसएसडी न्या. शिखराच्या रात्री बॅटऱ्या जॅकेटच्या आत, अंगाला लागून. कॅमेरा तंबूत आणताना बॅग बंदच ठेवा, नाहीतर लेन्सवर दव.

आणि वेळ. स्वाहिलीत दिवस सकाळी सहापासून मोजतात. 'सा म्बिली' म्हणजे शब्दशः दोन वाजता, घड्याळात सकाळचे आठ. आपल्या प्रहरांची आठवण येते, पण कॉलशीटवर आठवणी चालत नाहीत. वेळ आकड्यात लिहा, घड्याळ दाखवून खात्री करा.

पोर्टरांच्या टिप्स ही बजेटमधली पहिली ओळ असू द्या, 'उरले तर' नाही. त्यांचे चेहरे फिल्ममध्ये हवे असतील तर स्वाहिलीत लिहिलेला संमतीचा कागद न्या आणि सही घेण्याआधी वाचून दाखवा. यावर मी कुणाशी वाद घालत नाही.

परवा एका असिस्टंटने केनियातल्या शूटची लिस्ट पाठवली. शेवटी ठळक अक्षरात: एकूण १४० किलो. मी विचारलं, नग किती? सगळ्यात जड नग कुठला? अजून उत्तर आलेलं नाही.